गेल्या नव्वद दिवसांत

४ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच फाडशील, म्हणून पत्ता कामावरच्या जोडीदाराकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर एवढं पान वाच. काही मागायला लिहीत नाहीये. म्हणजे मागायलाच लिहितोय, पण तुला वाटतंय ते नाही.

येत्या आठवड्यात तुला एका बाईंचा फोन येईल. त्या उपचार केंद्रात संशोधनाचं काम करतात. मी तिथे सहा आठवडे राहून नोव्हेंबरात बाहेर पडलो. दारू सुटावी म्हणून एक नवी गोळी निघाली आहे, तिची तिथे वर्षभर तपासणी चालू आहे. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली. कोणाला कुठली, हे आम्हाला माहीत नाही आणि बाईंनाही नाही. दर तीन महिन्यांनी त्या समोर बसवून विचारतात, गेल्या नव्वद दिवसांत किती दिवस घेतलीत, किती घेतलीत. आपण सांगायचं, त्यांनी लिहायचं. या आकड्यांवरून ठरणार की गोळी चालते की नाही.

अर्जात एक रकाना आहे: तुम्हाला जवळून ओळखणारी व्यक्ती. तिला फोन करून पडताळून बघतात. मी तुझं नाव लिहिलं. पेन हातात होतं आणि दुसरं नाव सुचेना. आपण चार वर्षं बोललो नाही हे बाईंना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.

माझं बरं चाललंय. उपचार पुरे केल्याचा कागद दाखवल्यावर लिफ्टच्या कंपनीने परत घेतलं. राहायला लाँड्रीच्या वरची खोली आहे. दुपारभर खालून वाफ येते, भिंतीला हात लावला की कोमट लागतो. उशीवर डोकं ठेवलं की कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं. तक्रार नाही, सांगतोय फक्त.

तुला खोटं बोलायला सांगत नाही. फोन उचल आणि ‘बरा आहे’ एवढं म्हण. आकडा विचारलाच तर शून्य आहे. शून्यच आहे.

आईच्या वेळचं मी इथे काढत नाही. तूही बाईंपाशी काढू नकोस.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

ताई,

‘माहीत नाही’ म्हणजे काय?

बाईंनी मला काही सांगितलेलं नाही, त्यांच्यावर राग धरू नकोस. तुम्ही काय बोललात ते मला कळू द्यायचं नाही असा नियम आहे. पण कागद त्यांच्यासमोर पडला होता आणि वायरिंगचे नकाशे उलटे वाचण्यात माझा जन्म गेला. पाच प्रश्न होते. पाचही रकान्यांत एकच उत्तर. माहीत नाही, माहीत नाही, असं पाच वेळा. त्यापेक्षा ‘पितो’ म्हणाली असतीस तरी चाललं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

चालू दे.

त्यांची विचारायची पद्धत सांगतो, म्हणजे तुला कळेल की हे किती अवघड असतं. टेबलावर तीन महिन्यांचं कॅलेंडर पसरतात. आधी दारूचं नावच काढत नाहीत. या तीन महिन्यांत कुठे गेलात, कोण भेटलं, आजारी कधी पडलात, पगार कधी झाला, हे सगळं पेन्सिलीने मांडायला लावतात. मग एकेका दिवसावर बोट ठेवतात. बोलणं इतकं शांत की वाटतं आपल्याला ऐकायला जगात एवढंच माणूस उरलंय. खोलीच्या काचेतून मागे समुपदेशक दिसत असतात, ज्यांनी मला सहा आठवडे धरून बसवलं होतं. ते हात हलवतात. अशा वेळी कोण तोंड उघडून ‘बारा’ म्हणेल?

बारा नव्हेत. उगाच आकडा लिहिला. आमचे एक वरिष्ठ निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला मी एक घेतली. एक दिवस. तो मी बाईंना सांगितला नाही, कारण एक सांगितला की त्या ‘आणि दुसऱ्या दिवशी?’ असं विचारतात.

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून माझ्या पाठीवर थाप मारली. नव्या लोकांसमोर चार शब्द बोलशील का म्हणाले. मी हो म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलंय.

कंपनीला यातलं काही कळवत नाहीत, तसं लिहून दिलंय. पण लिहून काय, मीही लिफ्टच्या मशीनरूममधल्या रजिस्टरमध्ये रोज ‘ठीक’ लिहितोच.

धाकटा


१७ मे

ताई,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितोय. त्याचा एक फायदा आहे, मधेच कोणी अडवत नाही.

बाईंच्या वरच्यांना शंका आली असावी. सगळ्यांची नाही, पण चिठ्ठ्या टाकून काहींची रक्ततपासणी ठरली. रक्तात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं पिणं दिसतं म्हणे. माझी चिठ्ठी निघाली. ज्याला आयुष्यात कधी बक्षीस लागलं नाही त्याला हे लागलं.

मी दोनदा तारीख पुढे ढकलली. एकदा ड्यूटी सांगितली, एकदा दात. तेवढ्यात पंचवीस दिवस कोरडे काढले. हात कापायचे, अंगावरचा शर्ट ओला व्हायचा, पण निभावलं. मग रक्त दिलं. साफ आलं. केंद्राच्या पायऱ्या उतरलो आणि थेट त्या दुकानात गेलो. कुठल्या ते विचारू नकोस.

म्हणजे आता तुला कळलंच असेल की एक नव्हती. किती, ते मी मोजलेलं नाही. मोजलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

तुला मास्तरांबद्दल सांगायचंय. निवृत्त गणिताचे शिक्षक, पासष्टीचे, उपचारात माझ्या शेजारच्या खाटेवर होते. माणूस फार गोड. कोणाचाही वाढदिवस सांगितला की तो कुठल्या वारी येतो ते चुटकीसरशी सांगणार. बाहेर पडल्यावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी फिरायला जायचो. आधी फिरायला. मग बसायला. मास्तरही बाईंना शून्य सांगतात. त्यांच्या साक्षीला बायको आहे, काकू म्हणतो मी त्यांना. काकूही शून्य सांगतात. नवऱ्याचं उपचारानंतर नाव झालंय, कॉलनीतले लोक पुन्हा घरी यायला लागलेत, ते त्यांना जाऊ द्यायचं नाहीये. तू माझ्यासाठी केलं नाहीस तेवढं त्या करताहेत. रागाने नाही लिहिलं हे. खरं तर रागानेच लिहिलं.

मास्तर एकदा म्हणाले, “आपल्याला खरी गोळी मिळत असेल, तर आपण दोघं मिळून तिला पास करतोय. नापास पोराला मी आयुष्यात कधी वर ढकललं नाही.” म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. ती गोळी उद्या हजारो लोकांना देतील. आमच्यासारखा कोणीतरी ती घेईल, सुटणार नाही, आणि त्याला वाटेल दोष आपलाच, कारण बाकीच्यांची तर सुटली होती.

आता मास्तरांची चिठ्ठी निघालीय. त्यांनी मला विचारलं, तुझं कसं साफ आलं? मी सांगितलं. तीन आठवडे आधी एकदम बंद करायची, बस.

धाकटा


९ जून

ताई,

मास्तर हॉस्पिटलमध्ये आहेत. आता बरे आहेत. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको.

त्यांनी माझं ऐकलं. सोमवारी एकदम बंद केली. मी पंचवीस दिवस काढले तेव्हा माझं दिवसाचं प्रमाण त्यांच्या निम्मंही नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बुधवारी सकाळी दाढी करताना त्यांना फिट आली. बेसिनवर डोकं आपटलं. काकूंनी मला फोन केला, कारण त्यांच्या लेखी मी मास्तरांचा सुधारलेला मित्र.

मी पोचलो तेव्हा तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर काकूंना विचारत होत्या. दारू घेतात का? काकूंनी पर्समधून केंद्राचा कागद काढून पुढे धरला. सहा महिने थेंब नाही, म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद वाचला. कागदावर शिक्का होता. मग त्या मेंदूची गाठ, मेंदूला सूज, जुना मार असं काय काय बोलू लागल्या आणि मास्तरांना तपासणीसाठी आत नेलं.

ताई, मला माहीत होतं. एकदम सोडली की असं होतं हे केंद्रात पहिल्याच दिवशी शिकवतात. मास्तरांचे हात मी मंगळवारी पाहिले होते. आणि मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला नक्की सांगता येतं. एक तास चाळीस मिनिटं.

बसून काय केलं? हिशेब. मी बोललो तर काकू खोट्या पडतात. मास्तर खोटे पडतात. मला कसं माहीत, असं विचारतील, म्हणजे मीही पडलो. बातमी केंद्रातून कंपनीत. कंपनी म्हणेल, हा माणूस लिफ्टचे ब्रेक तपासतो आणि रजिस्टरवर सही करतो, त्या सहीचं काय? दर वेळी मी उठायचो, पाणी पिऊन यायचो आणि परत बसायचो. एकदा तर मनाशी म्हटलं की मोठी डॉक्टर मंडळी आहेत, त्यांना आपोआप कळेल.

मग आतून मास्तरांचा आवाज आला. ते कोणाला तरी ओरडून सांगत होते की फळ्यावरचं पुसू नका, पोरांचं उतरवून व्हायचंय. आत फळा नव्हता. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही माहीत होतं, ताई. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांच्या तोंडून निघायची वाट बघत होतो.

मी उठून आत गेलो. डॉक्टर म्हणाल्या, नातेवाइकांनी बाहेर थांबावं.

मी म्हटलं, “ते पीत होते. रोज अर्धी बाटली. सोमवारी सकाळी एकदम बंद केली.”

त्या म्हणाल्या, “तुम्हाला कसं माहीत?”

“मी सोबत प्यायचो. आणि बंद करायला मीच सांगितलं.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. वळून नर्सला दोन औषधांची नावं सांगितली, सलाईनमध्ये काय घालायचं ते सांगितलं, आणि मग मला विचारलं की अर्धी म्हणजे नक्की केवढी बाटली. ओरडा नाही, काही नाही. त्यांना फक्त आकडा हवा होता.

मास्तर दोन दिवस भ्रमात होते. काल त्यांनी मला ओळखलं. काकू माझ्याशी बोलत नाहीत. अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, असं नर्स म्हणाली. केवढा वेळ ते मी विचारलं नाही.

धाकटा


२८ जून

ताई,

मी बाईंकडे गेलो. ठरलेली तारीख नव्हती. त्या डबा उघडून बसल्या होत्या, तो तसाच बंद केला.

मी म्हटलं, माझे दोन्ही कागद खोटे आहेत, नवे लिहून घ्या. त्यांनी कॅलेंडर पसरलं. या खेपेला काचेवर पडदा ओढायला मीच सांगितलं. दोन तास लागले. निवृत्त झालेले वरिष्ठ, दाताचं खोटं, पगाराचा दिवस, मास्तरांबरोबरच्या संध्याकाळी, एकेक चौकोन. काही दिवस खरंच आठवत नव्हते. मी म्हटलं, घाला अंदाजाने. त्या म्हणाल्या, आठवत नसेल तर रिकामं सोडा, अंदाजाचा आकडा खोट्याहून वाईट, कारण तो खऱ्यासारखा दिसतो.

पहिल्या नव्वदात सव्वीस दिवस. दुसऱ्या नव्वदात एकसष्ट. दोन्हींत मिळून तेरा रिकामे.

मला काढून टाकाल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला आकडा विचारला होता. चांगला आकडा विचारला नव्हता.” मग पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. मला वाटतं त्यांना रडू येत होतं. हे काम त्या तीन वर्षं करताहेत.

मोठ्या डॉक्टरांना मी घाबरलो होतो. ते ओरडले नाहीत, पण पाठीवर थापही मारली नाही. मागच्या शनिवारी सगळ्यांना बोलावलं आणि कोणाचंही नाव न घेता उभं राहून सांगितलं की आम्ही चुकीच्या जागी, चुकीच्या माणसांनी प्रश्न विचारले. ज्यांनी तुमच्यावर उपचार केले त्यांच्यासमोर तुम्ही कसं सांगणार? आता विचारायला बाहेरचे लोक येतील, दुसऱ्या इमारतीत. आधी नळीत फुंकायचं, मग बोलायचं. सगळ्यांना पुन्हा विचारलं. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस जणांचे आकडे बदलले. त्यातल्या दोघांनी तर आधी जास्त सांगितलं होतं, कमी सांगितलं तर उपचाराची गरज नाही म्हणून केंद्रातून नाव कापतील या भीतीने. बाकी एकोणतीस जण पहिल्यापासून खरं बोलत होते. मी इतके दिवस समजत होतो की सगळेच माझ्यासारखे.

गोळीचं अजून ठरलेलं नाही. वर्ष संपल्यावर कळेल. मोठे डॉक्टर म्हणाले, निकाल छापताना हेही छापू.

कंपनीत मी स्वतः सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. मला ब्रेकच्या कामावरून काढून दरवाज्यांच्या कामावर टाकलंय, सहा महिने. मी तपासलेल्या एकवीस लिफ्ट पुन्हा तपासल्या. एकीच्या ब्रेकचं अस्तर झिजलं होतं. माझ्या रजिस्टरमध्ये ती ‘ठीक’ होती. कोणाला काही झालं नाही. ही ओळ मी तीनदा खोडली आणि तीनदा लिहिली.

आज एकोणिसावा दिवस. तू विश्वास ठेवावास म्हणून लिहीत नाही.

एक राहिलं. साक्षीदाराच्या रकान्यातून तुझं नाव काढलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, तिने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, आता तिला आणखी त्रास नको.

धाकटा


११ जुलै

ताई,

तुझं पत्र परवा आलं. लाँड्रीवाल्याने वर आणून दिलं. आत एकच ओळ होती, नमस्कार नाही, खाली सही नाही. ‘त्या आठवड्यात आईला गोळ्या खरंच किती दिल्यास?’

चार वर्षांत तू हे मला विचारलं नव्हतंस. तू घरी आलीस, कपाटातली गोळ्यांची उरलेली पाकिटं बघितलीस आणि दार लावून गेलीस. मीही कधी सांगितलं नाही. प्रत्येक पत्रात त्याच्या कडेकडेने गेलो, तुला दिसलं असेल.

म्हणून काल सुट्टी घेतली आणि बाईंसारखं केलं. कागदावर तो आठवडा आखला. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, चौदा वेळा. आधी गोळ्यांचा विचारच केला नाही. तू परीक्षेच्या पेपरांच्या कामाला परगावी होतीस. सोमवारी नळाला पाणी नव्हतं. मंगळवारी शेजारच्या वहिनी आईला भेटायला आल्या होत्या. बुधवारी आईने केस धुवायला मागितले आणि मी उद्या म्हटलं. गुरुवारी मी दुपारीच आलो होतो, तशा अवस्थेत. तू रोज दोनदा फोन करायचीस. ‘दिल्या का?’ मी म्हणायचो, ‘दिल्या.’ चौदाही वेळा तेच.

यात एक गोष्ट आहे जी मी कोणालाच सांगितलेली नाही, कारण ती माझ्या बाजूची वाटते. शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी उठूच शकत नव्हतो. आईने स्वतः भिंतीला धरून फोनपर्यंत येऊन तो माझ्या कानाला लावला आणि हळूच म्हणाली, “दिल्या म्हण. ती तिकडे एकटी आहे, काळजी करत बसेल.” मी ‘दिल्या’ म्हटलं. तिने फोन ठेवला आणि परत जाऊन पडली. गोळी तिनेही मागितली नाही, मला उठवायला नको म्हणून. पुढच्या सोमवारी तू परत आल्यावर आपण तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. पुढचं तुला माहीत आहे.

गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर ती राहिली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हाच्या डॉक्टरांना मी एकटा जाऊन विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाले. मी त्याचा अर्थ ‘नाही’ असा करून घेतला आणि चार वर्षं त्यावर काढली.

पाच वेळा दिल्या. सात वेळा दिल्या नाहीत. दोन वेळा मला आठवत नाही, त्या रिकाम्या ठेवल्यात.

आता सकाळचे सात वाजलेत. पत्र कामावर जातानाच पेटीत टाकतो. संध्याकाळपर्यंत खिशात राहिलं तर मी पाचाचे सहा करीन.

धाकटा